शिकणारी एक, संसार चौघांचा

औंधमधल्या आमच्या घराचा तळमजला 2019 च्या जुलैपासून 2023 च्या मे महिन्यापर्यंत इथिओपियाहून आलेल्या एका कुटुंबाकडे होता. बाई सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात वनस्पतिशास्त्रात पीएचडी करायला आलेली. बरोबर नवरा, सात वर्षांची मुलगी आणि दोन वर्षांचा मुलगा. देशाच्या उत्तरेला तिग्रे नावाचा प्रांत आहे, मेकेले ही त्याची राजधानी. तिथल्या विद्यापीठात ती शिकवायची आणि नवरा एका शाळेत गणिताचा शिक्षक होता.

विद्यापीठाच्या आसपास ज्यांचे फ्लॅट आहेत अशी ओळखीची माणसं मला अधूनमधून विचारतात, परदेशी कुटुंबाला घर द्यायचं तर काय काय करावं लागतं? म्हणून कागदांपासूनच सुरुवात करते. पण मला खरं सांगायचंय ते एका बाईच्या पीएचडीसाठी घरातल्या चौघांनी काय काय केलं, त्याबद्दल.

आमच्याकडे येण्याआधी त्यांनी बरीच घरं पाहिली होती. फोनवर सगळं ठरायचं, भाडं, अनामत, कुठल्या तारखेला यायचं तेसुद्धा. मग ‘पार्टी कुठली?’ असा प्रश्न यायचा आणि उत्तर ऐकल्यावर घर अचानक दुसऱ्या कुणाला दिलेलं असायचं. 2016 मध्ये बंगळुरूला टांझानियाच्या विद्यार्थिनीवर आणि 2017 मध्ये ग्रेटर नोएडाला नायजेरियन विद्यार्थ्यांवर जमाव कसा धावून गेला, हे तिनं मेकेलेत बसून वाचलेलं होतं. घर बघायला आली तेव्हा तिचा पहिला प्रश्न पाण्याचा किंवा पार्किंगचा नव्हता. संध्याकाळी मुलीला एकटीला खाली खेळायला सोडता येईल का, असं तिनं विचारलं. मी हो म्हटलं. त्याच आठवड्यात शेजारच्या सोसायटीतले एक गृहस्थ मुद्दाम येऊन, ‘वहिनी, कशाला ही भानगड?’ म्हणून गेले. फर्ग्युसनमध्ये शिकणाऱ्या मॉरिशसच्या एका आजारी मुलाला वसतिगृहाच्या खिडकीतून कुणी जेवण देताना डॉ. शां. ब. मुजुमदारांनी पाहिलं आणि त्यातून 1971 मध्ये सिंबायोसिस उभी राहिली, ही गोष्ट आम्ही पुणेकर किती अभिमानानं सांगतो. त्याच शहरात मुलंबाळं घेऊन शिकायला आलेल्या बाईला घर मिळू नये, याची मला लाज वाटली आणि आजही वाटते.

भाडेकराराचं म्हणाल तर महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. हल्ली एजंट घरी अंगठ्याचं यंत्र घेऊन येतो, पण त्याला आधार लागतं. नव्यानं आलेल्या परदेशी माणसाकडे ते कुठून असणार? आम्ही सगळे पासपोर्ट घेऊन दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात गेलो. त्यानंतरचा कागद म्हणजे सी-फॉर्म. परदेशी माणूस तुमच्या घरात राहायला आला की 24 तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरायची. पासपोर्ट, व्हिसा, कुठून आला, किती दिवस राहणार, सगळं. हा फॉर्म भाडेकरूनं नाही, घरमालकानं भरायचा असतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. तो नसला की भाडेकरूचं पुढचं सगळं अडतं. व्हिसा 180 दिवसांहून जास्त मुदतीचा असेल तर देशात आल्यापासून 14 दिवसांत परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाकडे नोंदणी करावी लागते आणि तिथे पहिल्यांदा सी-फॉर्म आणि भाडेकरारच मागतात. मी बँकेत नोकरी केलेली, त्यामुळे फॉर्मची भीती नव्हती. ह्यांनी स्कॅनर लावला आणि रात्री जेवणं आटोपल्यावर आम्ही दोघं चौघांचे फॉर्म भरत बसलो.

तेव्हाच तिच्या आणि इतरांच्या व्हिसातला फरक माझ्या लक्षात आला. तिचा व्हिसा विद्यार्थ्याचा. नवऱ्याचा आणि मुलांचा एंट्री व्हिसा, तिच्या मुदतीला बांधलेला. तिची मुदत वाढली तर यांची वाढणार, तिची संपली तर यांचीही संपणार. नवऱ्याला इथे पगाराची नोकरी करायला मनाई. कागदावर तो आणि दोन्ही मुलं तिच्यावर अवलंबून असलेली माणसं. शिष्यवृत्ती होती ती भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेची, जिला सगळे आयसीसीआर म्हणतात. मौलाना आझादांनी 1950 मध्ये स्थापन केलेली ही संस्था, आफ्रिकी विद्यार्थ्यांसाठी तिची वेगळी योजना आहे. फी, दरमहा विद्यावेतन, घरभाड्यापोटी काही रक्कम, असं सगळं मिळतं, पण ते एकट्या विद्यार्थ्याच्या हिशेबानं. मेकेलेतला पगार सुरू होता, पण त्या देशात परकीय चलनाची कायम टंचाई, त्यामुळे तिथला पैसा इकडे आणणं सोपं नव्हतं. थोडक्यात, एकाच्या पैशात चौघांनी राहायचं होतं.

मुलीची शाळा हे पहिल्या वर्षातलं सगळ्यात किचकट काम. त्यांच्याकडे आडनाव नसतं. स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आजोबांचं. लग्नानंतर बाई नाव बदलत नाही. म्हणजे मुलीच्या नावात वडील आणि त्यांचे वडील, आईच्या नावात आईचे वडील आणि आजोबा. मायलेकींच्या नावांत एक अक्षर सारखं नाही. प्रवेशाच्या खिडकीवरच्या बाईंनी दोन्ही पासपोर्ट शेजारी ठेवले आणि ही तुमचीच मुलगी कशावरून, असं विचारलं. जन्मदाखला दाखवला, तो चालला. पण आधीच्या शाळेचा दाखला त्यांच्या पंचांगाप्रमाणे होता. इथिओपियाचं वर्ष आपल्या इंग्रजी वर्षाच्या सात-आठ वर्षं मागे चालतं. बारा महिने तीस-तीस दिवसांचे आणि शेवटी पाच-सहा दिवसांचा तेरावा महिना. वर्ष सुरू होतं सप्टेंबरात. मुलीचा जन्म 2011 च्या नोव्हेंबरचा, दाखल्यावर 2004. पोरगी समोर उभी, दुधाचे दात पडलेली, आणि कागदाच्या हिशेबानं पंधरा वर्षांची! पंचांगात चैत्र-वैशाख वाचणाऱ्या आपल्या माणसांना खरं तर हे समजायला वेळ लागू नये. मी तिथल्या मुख्याध्यापिकांना आपल्या शके सालाची आठवण करून दिली, त्यांनी क्षणभर विचार केला आणि सही केली. आधार नंतर निघालं. 182 दिवस इथे राहिल्यावर परदेशी माणसालाही ते काढता येतं.

घड्याळाचंही असंच. त्यांचे तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणजे आपले सकाळचे सात ते त्यांचा एक. मुलगी सुरुवातीला मैत्रिणींना ‘दोन वाजता शाळेत भेटू’ म्हणायची. तिच्या मनात सकाळचे आठ असायचे. दोन-तीन महिन्यांत ती दोन्ही घड्याळं बिनचूक बोलायला लागली. घरात आईवडिलांशी एक, बाहेर दुसरं. धाकट्याला मात्र एकच घड्याळ माहीत होतं, आपलं, कारण तो बोलायला शिकला तेच आमच्या जिन्यात. घरात तिग्रिन्या, आई त्याच्याशी मुद्दाम इंग्रजी बोलायची आणि बाहेर आला की मराठी. ‘आजी, दार उघड ना गं’ असं तो खालून ओरडायचा तेव्हा वरच्या मजल्यावर आलेले पाहुणे दचकून बघायचे.

तिचा दिवस पहाटे सुरू व्हायचा. मुलं उठायच्या आत दोन तास वाचन, मग गणेशखिंडीच्या रस्त्यानं विभागात, परतायला संध्याकाळ. बाकी सगळा दिवस नवऱ्याचा. आमच्या इमारतीत त्याला सगळे ‘सर’ म्हणायचे. सर धाकट्याला कडेवर घेऊन थोरलीला शाळेच्या व्हॅनपर्यंत सोडायचे, भाजी आणायचे, कपडे, भांडी, स्वयंपाक. मेकेलेत त्यांच्या हाताखाली मुलांचे मोठे वर्ग होते. इथे दुपारी मुलगा झोपला की ते जिन्याच्या कट्ट्यावर बसून जुन्या वहीत गणितं सोडवायचे, हात राहावा म्हणून. माझ्या दिराच्या नातवाला भूमिती त्यांनीच शिकवली, पैसे द्यायला गेलो तर घेतले नाहीत. एक तर नियम मोडायचा नव्हता आणि दुसरं, त्यांना शिकवायला मिळत होतं. सकाळी दहाच्या सुमाराला भाजीवाल्याशी घासाघीस करणारा हा उंच, शांत माणूस पाहून गल्लीतल्या बायका आधी बघत राहायच्या. मग त्याच त्यांना मेथी कुठली घ्यायची ते सांगायला लागल्या. बायको शिकतेय म्हणून नवरा घर सांभाळतोय, हे आमच्या गल्लीनं असं रोज, डोळ्यांसमोर क्वचितच पाहिलं असेल.

त्यांचं मुख्य अन्न इंजेरा. आंबवलेल्या पिठाची मोठी, मऊ, जाळीदार, एकाच बाजूनं भाजलेली पोळी. ती खरी टेफ नावाच्या बारीक धान्याची. ते इथे सहज मिळत नाही, पण नाचणी मिळते! तिग्रेतही नाचणी पिकते, तिथे तिला दागुसा म्हणतात. सरांनी नाचणी आणि तांदूळ वेगवेगळ्या मापांत भिजवून, आंबवून पाहिले. पुण्याच्या पावसाळ्यात पीठ दोन दिवसांत फसफसून यायचं, हिवाळ्यात ते पातेलं माझ्या ओट्याखालच्या उबेला ठेवायला आणायचे. चांगलं जमायला दिवाळी उजाडली. आंबोळी करणाऱ्या बाईला त्यात नवल वाटू नये, पण त्यांचा तवा मोठा आणि पीठ कडेपासून मध्याकडे गोल ओतत आणायची ती पद्धत, ती मी आजही त्यांच्यासारखी करू शकत नाही. बुधवार आणि शुक्रवार त्यांचे उपासाचे. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ते, त्या दिवशी मांस, अंडी, दूध काहीच नाही आणि ईस्टरच्या आधीचा मोठा उपास 55 दिवसांचा. त्या दिवसांत मसूर, कोबी आणि शिरो. हे आपल्या शिऱ्यातलं नव्हे. भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ कांदा-लसणाच्या फोडणीत मसाल्यासकट शिजवतात. पहिल्यांदा वाटी वर आली तेव्हा ह्यांनी चव घेतली आणि ‘अगं, हे तर पिठलं’ म्हणाले. रविवारी ते मल्याळी ऑर्थोडॉक्स मंडळींच्या चर्चमध्ये जात, कारण हे दोन्ही पंथ एकमेकांना आपले मानतात. तिथल्या केरळच्या बायकांनी मुलांचे जुने स्वेटर, सायकल, शाळेची पुस्तकं पुरवली. सण त्यांचे वेगळ्या तारखांना, नाताळ 7 जानेवारीला. त्या दिवशी खालून कॉफी भाजल्याचा वास यायचा. हिरव्या बिया समोर भाजून, कुटून, मातीच्या लांब मानेच्या भांड्यात उकळतात आणि तीनदा देतात. तिसरी घेतल्याशिवाय उठायचं नाही. सोबत चक्क लाह्या. रविवारी दुपारी मी पहिल्या दोन पेल्यांपर्यंत थांबायचे, तिसऱ्यासाठी ती मला हाताला धरून बसवायची.

तिचं संशोधन नाचणीच्या स्थानिक वाणांवर होतं. नाचणी पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातून काही हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे आली, हे मला तिच्याकडून कळलं. आपल्या आजीच्या भाकरीचं मूळ तिच्या देशाच्या बाजूला! तिला सह्याद्रीतले वाण गोळा करून त्यांची तुलना करायची होती. अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाणं कसं जपलं ते तिनं वाचलं होतं आणि त्या पट्ट्यातल्या गावांमधून ती कणसं गोळा करत फिरली. जुन्नरकडे गेली तेव्हा मी दुभाषी म्हणून बरोबर होते. एका घराच्या पडवीत म्हाताऱ्या आजींनी तिच्या हातावर कणीस ठेवलं. तिनं ते ज्या पद्धतीनं चोळून दाणे वेगळे केले ते पाहून आजी माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘ही शेतकऱ्याची पोर आहे.’ होतीच ती. परत येताना वाण्याच्या दुकानात तिला कारळे दिसले. तेही तिच्याकडचंच पीक, शास्त्रीय नावातच अबिसिनिया, म्हणजे इथिओपियाचं जुनं नाव आहे. तिकडे त्याचं तेल काढतात. चटणी करतात हे तिला माहीत नव्हतं, ती मी शिकवली.

सगळं गोडच होतं असं अजिबात नाही. रिक्षावाले थांबून, आत बघून निघून जायचे. बसमध्ये बायका थोरलीच्या वेण्यांना न विचारता हात लावायच्या. शाळेत कुणीतरी तिला रंगावरून काहीतरी बोललं आणि ती घरी येऊन साबणानं हात घासत बसली. आईनं तिला मांडीवर घेतलं आणि बराच वेळ दोघी काही बोलल्या नाहीत. पुढे वर्गात शहाजीराजांच्या धड्यात मलिक अंबरचं नाव आलं. हा अंबर इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला मुलगा, पुढे निजामशाहीचा वजीर झाला, खडकी शहर वसवलं, तेच पुढचं औरंगाबाद. खुलदाबादला त्याची कबर आहे. ही माहिती सरांनी तिला नीट कागदावर लिहून दिली आणि तिनं ती वर्गात उभं राहून वाचली. त्यानंतर चिडवणं बंद झालं असं मी म्हणणार नाही. पण तिनं हात घासणं बंद केलं.

मग 2020 चा मार्च आला. विद्यापीठ बंद, प्रयोगशाळा बंद, कुंड्यांमधली रोपं विभागातच राहिली. अडकलेल्या परदेशी लोकांच्या व्हिसांना सरकारनं मुदतवाढ दिली, ती काळजी मिटली. घरात एक लॅपटॉप आणि एक बरा फोन. सकाळी लॅपटॉपवर थोरलीची शाळा, दुपारी आईच्या मार्गदर्शकांबरोबर बैठक, तेवढा वेळ सर धाकट्याला घेऊन गच्चीवर. प्रबंधाची दोन प्रकरणं तिनं रात्री दहा ते दोन या वेळात लिहिली. आम्ही दोघं साठीच्या पुढचे, आम्हाला बाहेर पडू नका म्हणून मुलानं अमेरिकेतून बजावलेलं. आमचं दूध, औषधं, ह्यांच्या साखरेच्या गोळ्या, सगळं सरांनी आणलं. खिशात पासपोर्टची प्रत आणि मी लिहून दिलेली चिठ्ठी, नाक्यावर पोलिसांनी विचारलं तर दाखवायला. कागदावर त्यांना कुणावर तरी अवलंबून म्हटलेलं होतं. त्या उन्हाळ्यात आमचं अख्खं घर त्यांच्यावर अवलंबून होतं.

त्याच वर्षी नोव्हेंबरात तिग्रेत युद्ध सुरू झालं. 4 नोव्हेंबर 2020. पहिल्याच दिवशी मेकेलेचे फोन बंद झाले. तिचे आईवडील, सरांचा भाऊ, सगळे तिथे. मधल्या काळात काही महिने फोन लागत होता, 2021 च्या जूनअखेरीला तो पुन्हा तुटला आणि या वेळी तुटला तो दीड वर्षासाठी. बँका बंद, विमानं बंद. तिचा विद्यापीठाचा पगारही थांबला. भाड्यासाठी मी अनामतीतून वळतं करायला सांगितलं, पुढे अनामत संपली तेव्हा आम्ही तो विषय काढला नाही. ती विभागात जातच राहिली. मी एकदा तिला म्हटलं, थोडे दिवस थांब. ती म्हणाली, काकू, मी थांबले तर माझा व्हिसा संपेल आणि या तिघांना मी कुठे नेऊ? घराच्या वाटेवर युद्ध होतं, आणि इथे राहायचं तर दरवर्षी विद्यापीठाचं बोनाफाइड आणि संशोधनाच्या प्रगतीचा कागद लागायचा. चार जणांचं छप्पर त्या प्रबंधावर उभं होतं, हे मला त्या दिवशी नीट समजलं.

तिच्या वडिलांना मधुमेह होता. मेकेलेच्या मोठ्या रुग्णालयात इन्सुलिन संपत आल्याच्या बातम्या आपल्याकडच्या इंग्रजी वर्तमानपत्रांतही आल्या होत्या. ती त्या वाचायची आणि काही बोलायची नाही. ते गेले. कधी, ते तिला काही महिन्यांनंतर समजलं, अदिस अबाबातल्या नातेवाइकाकडून. त्यालाही ते कुणाकुणाच्या तोंडून कळलेलं. संध्याकाळी सर वर आले, दारातच उभे राहून सांगितलं. त्यांच्याकडे असं झालं की गाव येऊन बसतं, दिवसच्या दिवस. इथे कोण येणार, असं त्यांना वाटलं असावं, कारण त्यांनी माझ्याकडे फक्त खुर्च्या मागितल्या, त्याही चारच. पुण्यातली इथिओपियन मुलं-मुली रात्रीपर्यंत आली, चर्चमधली मंडळी आली. आमच्या गल्लीतल्या बायका आल्या. दीरांच्या घरून पिठलं-भात आला, समोरच्यांकडूनही पिठलं-भातच आला, ज्या घरात माणूस गेलंय तिथे आपल्याकडे तोच पाठवतात. ती दिवसभर जेवली नव्हती. जावेनं पातेल्यावरचं झाकण काढलं, तिनं आत पाहिलं आणि मोठ्यानं रडली. मग जेवली. शुक्रवार होता, तिच्या उपासाला ते सगळं चालणारं होतं.

त्यानंतरचं वर्ष मला आठवतं ते थोरलीमुळे. तिग्रेत ऑगस्टच्या शेवटी अशेंदा नावाचा मुलींचा सण असतो. कमरेला लांब गवताची पाती बांधून मुली घोळक्यानं घरोघरी गात-नाचत जातात. 2022 मध्ये तो 22 ऑगस्टला सुरू होत होता आणि 23 ला, मंगळवारी, आमच्या पुतणसुनेची मंगळागौर होती. रात्री फुगड्या, झिम्मा, पिंगा झाले आणि कुणीतरी थोरलीला म्हणालं, आता तुमच्याकडचं दाखव. गवत कुठून आणणार, तिनं माझी हिरवी ओढणी कमरेला बांधली. आई बाजूला बसून टाळ्यांचा ठेका देत होती. वडील गेल्यापासून मी तिला गाताना पहिल्यांदा ऐकलं. सगळ्या बायका त्या ठेक्यावर नाचल्या, पहाटे दोनपर्यंत. दुसऱ्या दिवशी, 24 ऑगस्टला, पाच महिन्यांची शस्त्रसंधी मोडून लढाई परत सुरू झाल्याची बातमी आली.

युद्ध थांबवण्याचा करार झाला 2 नोव्हेंबर 2022 ला, प्रिटोरियात. डिसेंबरच्या शेवटी मेकेलेला विमान उतरलं आणि फोन सुरू झाले. तिच्या आईचा आवाज आला तेव्हा मी खालीच होते, दळणाचा डबा द्यायला गेलेले. बोलणं मला समजत नव्हतं. धाकटा आजीला मराठीत ‘कशी आहेस?’ असं विचारत होता, कारण आजीशी ज्या भाषेत बोलायचं ती त्याच्या लेखी मराठी होती.

मधल्या काळात प्रबंध सादर झाला होता. खुल्या मौखिक परीक्षेला कुणीही जाऊन बसू शकतं, म्हणून आम्ही सगळे गेलो. 2023 चा मार्च. सरांनी शर्टाला इस्त्री केलेली, मुलांना पहिल्या रांगेत बसवलेलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी अकोले तालुक्यातल्या एका वाणाबद्दल खोदून खोदून विचारलं, तिनं न अडखळता उत्तरं दिली. जुन्नरच्या त्या आजींच्या पडवीचा फोटो पडद्यावर आला तेव्हा धाकट्यानं मागे वळून मला हात केला. परीक्षकांनी निकाल जाहीर केल्यावर आधी टाळ्या वाजल्या त्या त्याच्या.

शेवटचे दोन महिने पुन्हा कागद. थोरलीची परीक्षा एप्रिलात, ती झाल्याशिवाय निघायचं नाही असं ठरलेलं. पदवीच्या कागदांवर परराष्ट्र मंत्रालयाची आणि दिल्लीतल्या त्यांच्या दूतावासाची मोहोर लागणं गरजेचं, ते सगळं सरांनी केलं, रेल्वेनं दिल्लीला जाऊन. सामानात इंजेऱ्याचा तवा, थोरलीची सगळी प्रशस्तिपत्रकं आणि कारळ्याच्या चटणीची बरणी. मुंबईहून अदिस अबाबाला थेट विमान आहे. विमानतळावर आम्ही गेलो नाही, घरूनच निरोप दिला, तिचीच तशी इच्छा होती.

ती आता पुन्हा मेकेलेत शिकवते. मोडलेली प्रयोगशाळा हळूहळू उभी करतेय, नाचणीचं काम चालू आहे. थोरलीनं तिथल्या मैत्रिणींना झिम्मा शिकवल्याचा व्हिडिओ मध्ये आला होता. धाकट्याची मराठी विरत चालली आहे, मी फोनवर बोलते तेव्हा त्याला समजतं, पण तो उत्तर तिग्रिन्यात देतो. सरांनी एमएस्सीला नाव घातलंय. वर्ग शनिवार-रविवारी असतात, त्या दोन दिवशी स्वयंपाक ती करते आणि इंजेरा अजून सरांसारखा येत नाही म्हणते.